उताराची धास्ती

"आता हिच्यात काय उणं आहे, सांगा बुवा," यशोधन म्हणाला.

मठाच्या अंगणात त्याची जुनी डिझेल जीप उभी होती, बॉनेट उघडं. याच जीपने तो एकटा नेपाळात मुक्तिनाथापर्यंत जाणार होता. कॉलेजात असल्यापासून तो नीळकंठबुवांकडे येत होता. निघण्याआधी आशीर्वाद घ्यायला आला होता... आणि थोडं दाखवायलाही.

बुवांनी तरुणपणी ती वाट पायी केली होती. काठी टेकत त्यांनी जीपभोवती फेरी मारली.

"इंजिन उतरवून बांधलं. रेडिएटर, क्लच, ब्रेक, सगळं नवं. डिझेल गाळायला जादा फिल्टर. वाटेत मला कुणाचं काही लागणार नाही."

"मागची सीट?"

"काढून टाकली. तिथे डिझेलचे कॅन आणि पाणी ठेवलंय."

बुवांनी मागे रचलेल्या कॅनांकडे एकवार पाहिलं.

एवढ्यात फाटकातून साठीची एक बाई जवळजवळ पळतच आत आली. एक चप्पल पायात, तुटलेली दुसरी हातात. मठात स्वयंपाकाला येणारी कोंडाक्का.

यशोधनने तिला पाहिलं आणि मान खाली घातली.

घाटमाथ्यावर तिनेच त्याला हात केला होता. चढ संपून गाडीने नुकता वेग धरला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, हॉर्न दिला, आणि गाडी पुढे काढली.

"पोचलासा न्हवं, भाऊ?" जीपला धरून ती धापा टाकत होती. "मी हात केला. तुम्ही बघितलं बी. तरी गाडी थांबंना. म्हटलं, ब्रेक लागंना झालं, आन् फुडं तर मठाचा उतार... माझा जीव थाऱ्यावर राहिला न्हाई. तशीच पळत आले."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ब्रेकच लागत नव्हतं न्हवं?"

यशोधनचे कान तापले. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा त्याच्याकडे बघत नव्हते.

"हो, अक्का," तो म्हणाला. "लागत नव्हते."

"मग असल्या गाडीनं लांब जाऊ नगा, बाबा. घरची माणसं वाट बघत्यात."

ती लंगडत आत गेली. पाण्याचा तांब्या घेऊन परत आली आणि तो त्याच्या हातात दिला.

"आधी पाणी प्या. घाबरला असशीला."

त्याच्या पाठीवरून हात फिरवून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

यशोधन तांब्या धरून उभा राहिला. त्याला तो तोंडाला लावता येईना.

"बुवा..."

"हं."

"मी खोटं बोललो. ब्रेक परवाच नवे घातलेत. चांगले लागतात."

बुवांनी बॉनेट ओढून हलकेच बंद केलं.

"खोटं नाही बोललास," ते म्हणाले. "अक्का दिसली, तरी ब्रेक लागले नाहीतच. ते नीट करून घे... मग निघ."