चिमाबाईंचा इंग्रजीचा वर्ग

घड्याळाला किल्ली द्यावी लागे, त्या काळची गोष्ट. टिपरे मास्तरांच्या इंग्रजीच्या शिकवणीत, भिंतीवरच्या घड्याळामागे चिमाबाई नावाची पाल राहायची. मास्तर मुलांकडून साध्या वाक्याचा आधी प्रश्न करून घेत, मग ते नकारार्थी करायला लावत. ऐकून ऐकून चिमाबाईंना सगळं पाठ झालं, तशी त्यांची मान ताठ झाली आणि त्यांनी पिल्लांचा वर्ग काढला.

एका दुपारी मास्तर घोरत होते, म्हणून वर्ग ऐसपैस टेबलावरच भरला. तेवढ्यात खिडकीतून बोका आत आला. धाकटं पिल्लू किंचाळलं, “बाई, धिस इज अ कॅट!”

“किंचाळतोस काय? प्रश्न कर.”

“इज धिस अ कॅट?” पिल्लू मागे सरकत म्हणालं.

“आता नकारार्थी.”

“धिस इज नॉट अ कॅट.”

“शाब्बास!” म्हणत चिमाबाई निर्धास्त झाल्या. अशा वेळी माणसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. पालीच्या मनात कोण चुकचुकणार?

बोक्याने झडप घातली. पिल्लं सरसर भिंतीवर चढली. चिमाबाईही कशाबशा वर पोचल्या, पण त्यांचं शेपूट बोक्याच्या पंजाखाली वळवळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीने रोजचं वाक्य दिलं, “धिस इज माय टेल.”

“इज धिस युवर टेल?” पिल्लांनी एका सुरात प्रश्न केला आणि सगळ्यांची नजर बाईंच्या मागे गेली. धाकट्याने हळूच विचारलं, “बाई, आता नकारार्थी करू?”

“नको रे,” बाई म्हणाल्या, “ते बोक्याने कालच केलंय.”