टिटवी आणि तीन राज्यांचा ओढा

एका ओढ्याच्या पात्रात, गोल गुळगुळीत गोट्यांमध्ये, एक टिटवी राहत असे. ओढा म्हणायचा तो आपला मानाने. मुलांनो, त्यात पाणी होते कुठे? तीन वर्षांपूर्वी वरच्या डोंगराला वणवा लागला, झाडे जळाली, आणि मग पावसाने डोंगरावरची उघडी माती खाली आणली. ओढ्याखालचे तळे गाळाने भरले, ओढा हिवाळ्यापर्यंतही टिकेनासा झाला. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात ती लगेच आपल्या पायांनी चालू लागतात आणि पाण्याकाठचे किडे शोधतात. गेल्या दोन उन्हाळ्यांत तिची पिल्ले अशीच चालत निघाली होती, पण त्यांना पाणी सापडले नाही. एरवी ऊठसूट ओरडणारी टिटवी त्याबद्दल मात्र कुणाशी चकार शब्द बोलत नसे.

हा ओढा तीन राज्यांतून वाहायचा. वर डोंगरावर खारींचे राज्य, मधल्या माळावर रानडुकरांचे आणि खाली तळ्यापाशी पाणमांजरांचे. तिन्ही राज्यांच्या सीमेवर मोठमोठे धोंडे होते आणि धोंड्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही, असा कडक रिवाज होता. ओढा परत वाहावा असे तिन्ही राज्यांना मनापासून वाटे. कामेही तिघांनी जोरात केली, आणि तीसुद्धा एकाच दिवशी सुरू करून, कारण ‘आधी आम्ही’ म्हणण्याची तिघांनाही भारी हौस! खारींनी डोंगरावर बिया पेरल्या. रानडुकरांनी पाणी मुरावे म्हणून सगळा माळ नाकाडाने उकरून भुसभुशीत केला. पाणमांजरांनी तळ्यातला गाळ काढून काठावर ढीग लावले. मग पाऊस आला. त्याने खारींच्या बिया, डुकरांची भुसभुशीत माती आणि काठावरचे ढीग, सगळे गोळा करून पुन्हा तळ्यात नेऊन ठेवले. तिन्ही राज्यांनी काम पूर्ण झाल्याचा उत्सव केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले.

तिसऱ्या वर्षी मात्र सगळ्यांचे डोळे उघडले आणि सीमेवरच्या धोंड्यापाशी मोठी सभा भरली. तिन्ही राज्यांचे काम जुळवून घ्यायला एक प्रमुख हवा, यावर एकमत झाले. एकमत झाले ते तेवढ्यावरच. खारींना खार हवी होती, डुकरांना डुक्कर आणि पाणमांजरांना पाणमांजर. सभेला आलेला एक कोल्हा म्हणाला, “मी तयार आहे. माझे भाषणही तयार आहे.” ते भाषण दुपारपर्यंत चालले. शेवटी रानडुकरांचा म्होरक्या वैतागून म्हणाला, “त्यापेक्षा त्या टिटवीला करा प्रमुख. ती कुठल्याच राज्याची नाही आणि तिचा आवाज तिन्ही राज्यांत ऐकू जातो.” हे तो चेष्टेने म्हणाला होता. सगळे पोट धरून हसले आणि हसता हसता टिटवी प्रमुख होऊन बसली.

आता गंमत अशी, की टिटवी तीन वर्षे तो ओढा वरपासून खालपर्यंत पाण्यासाठी चालत हिंडली होती. कुणाचे काम कुठे वाया जाते, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. ती म्हणाली, “खारूताई, तुमच्या खडकावर माती नाही, तर बिया रुजतील कशात? तुमची माती तर पाणमांजरे दरवर्षी काठावर ढीग लावून ठेवतात.”

“ती वर न्यायची कुणी?” खारींच्या म्होरकीने विचारले. “माझ्या गालात मावते तेवढी नेऊ म्हटले तर माझ्या नातवंडांची नातवंडेसुद्धा माती वाहत बसतील.”

“डुक्करदादांनी,” टिटवी म्हणाली. “त्यांनी गाळात मनसोक्त लोळायचे, तसेच डोंगरावर जायचे आणि खडकाला अंग घासायचे. बस!”

रानडुकरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. लोळण्यालाही काम म्हणतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळले होते. खारी मात्र डुकरांना डोंगरावर येऊ द्यायला काही तयार होईनात. तेव्हा म्हातारे पाणमांजर म्हणाले, “अगं, तुमच्या बिया पावसात आमच्या तळ्यापर्यंत येतात, तेव्हा धोंडा त्यांना अडवतो का?” तेव्हा कुठे खारी धोंड्यावरून बाजूला झाल्या.

क्रमही टिटवीनेच ठरवला. आधी डुकरांनी ओढ्याच्या वळणावर दगडांचा बांध घालायचा, म्हणजे पाणी थबकेल आणि माती अडेल. मग गाळ वर न्यायचा. मग बिया पेरायच्या. प्रत्येकाने टिटवीचा आवाज ऐकल्यावरच काम सुरू करायचे. खार म्हणाली, “आमच्या बियांना मोड येऊ लागलेत, आम्ही आधी पेरतो.” टिटवी म्हणाली, “नाही.” पाणमांजरे म्हणाली, “आम्हाला सवलत?” टिटवी म्हणाली, “कुणालाच नाही.” तिचा दरारा असा, की कोल्ह्याने भाषण करायला तोंड उघडले आणि तसेच मिटून घेतले.

बांध घालायच्या दिवशी रानडुकरे दगड ढकलत वळणावर आली आणि थबकली. बांधाच्या जागेच्या बरोबर मध्यावर, गोट्यांमध्ये, गोट्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती.

“ही कुणाची?” म्होरक्याने विचारले.

“माझी,” टिटवी म्हणाली.

“फुटायला किती दिवस?”

“चार.”

सगळे आभाळाकडे पाहू लागले. डोंगरामागे ढग जमू लागले होते. बांधाची जागा बदलता येत नव्हती, कारण ओढा अरुंद होता तो तेवढ्याच ठिकाणी. काम चार दिवस थांबवा, एवढेच टिटवीने म्हणायचे होते. प्रमुख म्हणून तिचे सगळ्यांनी ऐकलेही असते. पण खारीला नाही म्हटले ते याच तोंडाने. अंडी काही उचलून नेता येत नाहीत, हे तिला चांगले माहीत होते. ती दुसरीकडे मान फिरवून म्हणाली, “थांबू नका. ठरले आहे तसे काम सुरू करा.”

पण रानडुकरे जागची हलली नाहीत. म्होरक्याने दोन वेळा नाक फेंदारले, तो विचार करताना असेच करी. मग तो म्हणाला, “टिटवीताई, बांधात कुठला तरी दगड शेवटचा असणारच ना? मग तो मधला असू दे. आम्ही दोन्ही काठांकडून येतो.”

“आणि तोवर आम्ही गाळ काढून देतो, तुमच्यातल्या निम्म्यांनी तो वर न्यायचा,” पाणमांजर म्हणाले. “एकदम दोन्हीकडे हात लागले तर वेळ वाया जाणार नाही.”

“मोड आलेल्या बिया चार दिवस ओल्या पाल्यात ठेवू आम्ही,” खार म्हणाली. “रुसले आहे मी तुझ्यावर, पण इतकीही नाही.”

टिटवीने मान परत वळवली आणि ती जोरात ओरडली. त्या आवाजाबरोबर तिन्ही राज्ये कामाला लागली. काय ती गंमत! डुकरे चिखलात लोळून, काळी कुळकुळीत होऊन, रांगेने डोंगर चढत होती. वर पोचली की खडकाला पाठ घासत डोळे मिटून घेत. खारी त्यांच्या मागे मागे धावत त्या मातीत बियांसाठी जागा करून ठेवत, आणि एखादी डुकराच्या पाठीवर बसून इकडची माती तिकडे कर म्हणून हुकूमही सोडत असे. काठांकडून बांध पुढे सरकत होता आणि मध्ये टिटवी आपल्या अंड्यांवर बसून तिन्ही राज्यांना आवाज देत होती.

चौथ्या दिवशी सकाळी चारही अंडी फुटली. कापसाच्या बोंडाएवढी पिल्ले उभी राहिली, धडपडली आणि आईमागून काठावर चढली. म्होरक्याने श्वास रोखून धरला होता. तो सोडत त्याने शेवटचा दगड नाकाडाने अलगद जागेवर बसवला. खारींनी त्याच दुपारी बिया पेरल्या. संध्याकाळी पाऊस आला. पाणी डोंगरावरून उतरले, बांधापाशी आले आणि तिथेच थबकले. सकाळी वळणावर लहानसे डबके भरले होते, आणि त्याच्या काठच्या ओल्या मातीत चार पिल्ले चोची खुपसून किडे टिपत होती. त्यांना पाण्यापर्यंत चालावे लागले ते फक्त सात पावले.

तिन्ही राज्यांचे प्राणी धोंड्यापाशी जमले. काम कुणामुळे झाले यावर कोल्हा बोलायला उठला, तेवढ्यात टिटवी ओरडली, “पुरे! उद्या सकाळी गाळ काढायचा आहे.” आणि सगळे हसत हसत झोपायला गेले.

तात्पर्य : ओढा सगळ्यांचा असेल, तर आपापल्या हद्दीत कितीही राबून भागत नाही, कुणाचे काम आधी आणि कुणाचे नंतर हे सगळ्यांनी मिळून ठरवावे लागते, आणि जी सगळ्यांची कामे जुळवते तिचे घरटेही सगळ्यांनी मिळून जपावे लागते.