कोठडीतला प्रश्न

“…मग उद्या सभेत तुम्ही दोन शब्द बोलाल ना, अप्पा?”

मठाच्या ओसरीवर अप्पा शेंगा फोडत बसले होते. समोर गुरुनाथ बिडकर. एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता संस्थानच्या नव्या लोकमंडळाचा प्रमुख.

अप्पांनी त्याला अक्षरं शिकवली आणि त्याहून पक्की एक सवय लावली. कुणी काही सांगितलं की विचारायचं, “कशावरून?” सातासमुद्रापार फ्रान्समधल्या लोकांनी आपल्या राजाला हेच कसं विचारलं, माणसाचे हक्क कागदावर कसे उतरवले, हेही त्यांनीच पोरांना सांगितलं होतं.

ते ऐकून वाढलेला गुरुनाथ एक दिवस दरबारात उभा राहिला. कर बसवायचा हक्क राजेसाहेबांना कुणी दिला, असं त्यानं विचारलं.

प्रश्न गावोगाव गेला. चार वर्षांनी राजेसाहेब संस्थान सोडून निघून गेले आणि त्यांच्या कचेरीत गुरुनाथ बसला.

“सभेत काय बोलू?” अप्पांनी विचारलं.

“एवढंच, की प्रश्न विचारायची ही वेळ नव्हे. राज्य नवं आहे, घडी बसू द्या. लोक तुमचं ऐकतात.”

“विचारतंय कोण?”

“आहे एक. यल्लव्वा साळी. हातमागावर बसते. परवा भर सभेत उठली.”

“काय म्हणाली?”

गुरुनाथनं नजर दुसरीकडं वळवली. “काहीतरी अडाण्यासारखं.”

“तिचे शब्द सांग.”

“म्हणाली… सुतावर कर बसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? लोकांनी दिला म्हणता, तर आम्हा बायकांना मत कुठं होतं?”

अप्पांचा हात थांबला.

“तू काय उत्तर दिलंस?”

“तिच्यामागं वीसेक बायका उभ्या राहिल्या, अप्पा. माग बंद ठेवू म्हणाल्या. अशा वेळी मी…”

“उत्तर, गुरुनाथ.”

“…तिला कोठडीत ठेवलंय.”

अप्पांनी हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

“तू विचारलंस, तेव्हा राजेसाहेबांनी काय केलं होतं?”

“सहा महिने आत टाकलं होतं. पण ते वेगळं, अप्पा. मी तिला तीनच दिवस…”

कोठडीही तीच होती, हे त्यानं सांगितलं नाही. अप्पांनी विचारलं नाही.

गुरुनाथ खाली बघत म्हणाला, “आत्ता हुकूम धाडतो. दिवस मावळायच्या आत ती घरी असेल.”

“आणि प्रश्न?”

“प्रश्न?”

“तो कुठं असेल?”

दरबारात दहा शिपाई अंगावर आले तेव्हाही त्याचा आवाज कापला नव्हता. आता तो नुसता खाली सांडलेली टरफलं गोळा करू लागला.

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली. भिंतीला धरून उठले, पायात वहाणा सरकवल्या.

“कुठं निघालात?”

“कोठडीकडं.”

“तिची समजूत घालायला?”

अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

“राजा गेला, असं मी समजत होतो. तो अजून कचेरीतच बसलाय, हे तिला कसं दिसलं… तेवढं शिकून येतो.”