गर्जेराव सरकला

माणसांच्या खिशात फोन नुकते किणकिणू लागले होते, त्या काळची गोष्ट. एका टेकडीवर गर्जेराव नावाचा धिप्पाड टीव्ही टॉवर राहत असे. हवेतल्या लहरींच्या सगळ्या रुंद वाटा त्याच्या, आणि त्यांतून त्याची गाणी ऐटीत हातपाय पसरून जात.

शेजारची चिमुकली ठमी म्हणजे फोनचा टॉवर; ती फोनचे निरोप पोचवायची. तिला वाट एकच, तीही बोळकांडीएवढी. एकदा तिथल्या निरोपांच्या गर्दीत नवरीचा फोटो अडकला आणि नवऱ्याकडे नुसतं नाक पोचलं! तिकडची मंडळी बिथरली, लग्न मोडायची वेळ आली.

"गर्जेरावकाका, जरा सरकता का हो?" ठमी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"सरकलो तर माझा आवाज बसेल गं!"

पण नवरीचा हुंदका त्यालाही ऐकू आला. त्याने भीतभीत अंग चोरलं आणि सगळी गाणी घड्या घालून एकाच वाटेत बसवली. एकही सूर चुरगळला नाही!

मोकळ्या वाटांतून निरोप उधळले. नवरीचे डोळे, गाल, झुमके धावत जाऊन नाकाला भेटले. जाता जाता त्यांनी गर्जेरावाला अशा गुदगुल्या केल्या की तो गदगदा हसत ओरडला, "ठमे, अजून थोडा सरकू का?"