रिकाम्या तबकातला कोश

"सवय, भीती, लक्ष आणि विसर! या चार शब्दांच्या व्याख्या मला उद्या दरबारात डोळ्यांनी दिसल्या पाहिजेत," महाराज रणधवल गरजले, "नाहीतर तुझ्या नवऱ्याची रवानगी तळघरात!"

नवऱ्याला वाचवायला 'व्याख्या वाचून नाही, बघून कळतात' असं बोलून बसलेल्या सगुणा विडेवालीने मान डोलावली. नवऱ्याचा गुन्हा तरी केवढा! महाराजांना मनाच्या शब्दांचा कोश हवा होता. सहा महिने राजवाड्याच्या तुपावर पोसलेल्या अनंतशास्त्र्यांनी 'लक्ष' या शब्दाची व्याख्या वाचायला घेतली आणि ती संपायच्या आत महाराज घोरू लागले. पंखा ओढणाऱ्या भिवबाला, म्हणजे सगुणाच्या नवऱ्याला, हसू आवरलं नाही. दरबारात झोपायला हरकत नव्हती, फक्त त्यासाठी राजा असावं लागे.

"तोंड दाबून हसता येत नव्हतं?" घरी सगुणा कडाडली. मग तिला रडूच फुटलं, कारण तळघरातून परत आलेला माणूस तिने अजून पाहिला नव्हता. डोळे पुसताना तिची नजर अंगणातल्या रिकाम्या गोठ्यावर गेली आणि रडू थांबलं.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी पोथी उघडून पुन्हा वाचायला सुरुवात केली. सगुणा नेहमीप्रमाणे तबक घेऊन सिंहासनाच्या डावीकडे उभी राहिली. महाराजांनी नेहमीप्रमाणे न बघताच तबकात हात घातला, बोटं तोंडाशी नेली आणि चावू लागले.

"विडा कसा झालाय, महाराज?"

"फक्कड!"

सगुणाने तबक पुढे धरलं. त्यात काहीच नव्हतं!

"ही सवय, महाराज."

महाराजांचा जबडा थांबला. सगुणाने एक झाकलेला डबा त्यांच्या पायाशी ठेवला. "जरा जपून हं. आत विंचू आहे."

महाराजांचे दोन्ही पाय गादीवर! सगुणाने झाकण काढलं. आत सुपारी होती.

"विंचू आलाच नाही, पाय मात्र वर गेले. ही भीती."

"आणि लक्ष?" पाय खाली सोडत महाराज गुरगुरले.

"शास्त्रीबुवा मघापासून वाचतायत. काय वाचलं, ते कुणीही एकाने सांगावं! सगळ्यांचं लक्ष या डब्यावर होतं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शास्त्रीबुवांनी पोथी मिटली.

"चौथी राहिली!" महाराजांना उकळ्या फुटल्या. "विसर कसा दाखवशील गं?"

"गेल्या दसऱ्याला महाराजांनी आमच्या ह्यांना काय कबूल केलं होतं?"

महाराजांनी प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं.

"मी? कबूल केलं होतं?"

"दुभती म्हैस! भर दरबारात! गोठा बांधून वर्ष झालं, महाराज. आता चौथा शब्द मी कशाला दाखवू? तो सिंहासनावरच बसलाय!"

प्रधान दोन पावलं मागे सरकला. आणि महाराज असे हसले, असे हसले की मुकुट घरंगळत मांडीवर आला.

"भिवबाला माफी! म्हैस आजच्या आज द्या, आणि वर्षभर ताटकळत ठेवलं म्हणून आणखी एक! यापुढे भिवबा म्हशी सांभाळेल आणि कोश सगुणा सांगेल."

"आणि पंखा, महाराज?" प्रधानाने विचारलं.

"शास्त्रीबुवा ओढतील. सहा महिने!"