माईंनी चष्मा काढला नाही

"मग माई, खोली देताय ना?"

विश्रामनं पुन्हा विचारलं. मठ सांभाळणाऱ्या माई अंबाडी निवडत होत्या. पानं सुपात, देठं जमिनीवर. मान काही वर झाली नाही.

विश्राम याच मठात वाढला, माईंच्या हातचं खाऊन. मग पुण्याला जाऊन आकाशाचं शिक्षण घेतलं, आणि आता व्हीआरचे चष्मे घेऊन गावोगाव हिंडत होता. चष्मा चढवला की माणूस बसल्या जागी पृथ्वी सोडून निघायचा आणि ग्रहतारे मागं टाकत पार विश्वाच्या टोकाला जायचा. खेळ झकास होता, त्यात खोट नव्हती. पण शनी समोर आला की बाया पायातल्या चपला काढायच्या, तोंड फिरवायच्या. एकीनं तर तेल कुठं वाहायचं ते विचारलं. विश्राम त्यांच्यावर खेकसला, त्यांच्या अकलेचे वाभाडे काढले. झालं, गावं बिथरली. कुणी जागा देईना. मठातली धान्याची खोली तेवढी रिकामी होती. माई नाही म्हणाल्या, तर चष्मे विकायचे आणि मुकाट नोकरी धरायची, एवढंच त्याच्या हाती उरलं होतं.

तरी तोरा उतरला नव्हता. तुम्ही जन्मभर डोळे मिटून बसलात, मी उघड्या डोळ्यांनी सगळं दाखवतो, असं तो त्यांच्या तोंडावर बोलून गेला.

माईंनी हात पदराला पुसले.

"लाव."

त्यानं माईंना चष्मा चढवला. खाली पृथ्वी लहान झाली. चंद्र गेला, मंगळ गेला. एकाएकी माईंनी त्याचा दंड धरला.

"शनी आला रे. जरा बाजूनं ने."

ही थट्टा की खरंच, विश्रामला कळेना. तो नुसता वायूचा गोळा आहे, कडं बर्फाचं आहे, असं त्यानं पुन्हा घोकून दाखवलं. माईंनी हूं म्हटलं. दंड मात्र सोडला नाही.

शेवटी दूरच्या आकाशगंगाही ठिपके होऊन गेल्या. खेळ संपला. विश्राम चष्मा काढायला पुढं झाला, तर माईंनी त्याचा हात बाजूला सारला.

"पोचले. आता परत आण."

"चष्मा काढायचा, माई. की आलात परत."

"नेलंस वाटेनं, आणि आणतोस उचलून?"

विश्राम गांगरला. परतीची वाट त्यानं केलीच नव्हती. कुणी मागितलीच नव्हती. नव्यानं सुरू करावं, तर खेळ पृथ्वीपासून निघणार आणि पुढंच जाणार. त्यानं समजावलं, विनवलं, चिडूनही पाहिलं. माई चष्म्याला हात लावू देईनात. आतून पानं वाढल्याची हाक आली. माई बसल्याशिवाय या मठात कुणी घास घेत नाही, त्यामुळे सारी पंगत ताटावर खोळंबली.

"यंत्राला वाट नाही, पण तुला तोंड आहे ना?"

तेव्हा तो शेजारी टेकला आणि चाचपडत सांगू लागला. ठिपक्यांतला एक ठिपका कसा मोठा होत जातो, त्यात आपली आकाशगंगा कशी उलगडते, तिच्यातल्या ताऱ्यांच्या गर्दीतून काठाकडं कसं सरकायचं. बोलता बोलता तो एका तांबूस ताऱ्यापाशी आला. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी. तिथून पुढं सूर्यच.

"आणि मध्ये?"

"मध्ये काही नाही, माई."

"बरं. चल मग."

विश्रामनं तोंड उघडलं...

यंत्र हा टापू पापणी लवेतो पार करायचं. उजेडाला मात्र इथं चार वर्षांहून जास्त लागतात. तोंडानं तो ओलांडायचा कसा? भरल्या मैदानात तासन् तास बोलणारा हा गडी, आणि काहीच नसलेल्या जागेबद्दल त्याला एक शब्द सुचेना.

तो गप्प झाला. माईही गप्प. आत कुणीतरी तांब्या खाली ठेवला, तेवढाच आवाज.

असे ते किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग सवयीनं विश्रामची नजर चष्म्याच्या दिव्याकडं गेली. दिवा विझलेला. चार्जिंग मघाशीच संपलं होतं.

"माई... हा तर केव्हाचा बंद आहे. आत नुसता काळोख. तुम्ही बघत काय होता?"

माईंनी चष्मा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या, पाटावर बसल्या. पंगतीचे हात ताटाकडं वळले.

विश्राम मागोमाग जाऊन दारात उभा राहिला. काय चुकलं तेही त्याला उमगेना, आणि काय मिळालं तेही.

"माई, खोलीचं...?"

माईंनी भात कालवला.

"मला येऊ तर दे आधी. मध्ये तू थांबलास ना, तिथंच बसलेय मी अजून."