फाटका कान

"म्हणजे बांड्याला तू वळू ठेवणार नाहीस?"

"नाही, महाराज. त्याचा कान फाटका आहे. मठाच्या गुरांत असली खोड चालायची नाही."

मठाधिपती धुंडीनाथांनी आपल्या शिष्याकडे, तुळाजीकडे, रोखून पाहिले.

सह्याद्रीच्या उतारावरचा तो नाथपंथी मठ डांगी गुरांसाठी पंचक्रोशीत नावाजलेला होता. जुना वळू नुकताच गेला होता. सकाळी गोऱ्हे बडवून खच्ची करणारा यायचा होता. तुळाजी निवडेल तो गोऱ्हा वळू राहणार, उरलेले बैल होणार. निवड साधली, तरच त्याचे कान चिरून त्यांत मुद्रा, म्हणजे नाथांची कुंडले, घातली जाणार होती. त्या दीक्षेची वाट पाहण्यात तुळाजीचे तारुण्य सरत आले होते.

"मग कोण?"

"मोरा! काय शिंगे, काय कपाळ! अंगावर ओरखडा नाही."

"घाट चढतो?"

"...दमतो थोडा."

"पावसात?"

"कुडकुडतो. त्याची आईही तशीच. पण रूप पाहा ना!"

"वा! वळू शोधायला गेलास आणि नवरदेव आणलास. वरातीला शोभेल."

तुळाजीचा चेहरा उतरला.

"बांड्याचा कान कुणी फाडला?"

"बिबट्याने. सगळी गुरे पांगली, हा शिंगे रोखून उभा राहिला."

"आणि त्याची आई?"

"भर आषाढात घाट चढते. दूधही आटत नाही." तुळाजी अडखळला, मग हट्टाने म्हणाला, "पण महाराज, उद्या सगळी वासरे फाटक्या कानाची निपजली तर? खाण तशी माती!"

महाराजांनी जटा मागे सारल्या. चिरलेल्या कानांतल्या मुद्रा हलल्या.

"पाहा."

"काय पाहू?"

"खाण."

...

तुळाजी पाहत राहिला. महाराजांचे कान चिरलेले. त्यांच्या गुरूंचेही चिरलेले होते, आणि त्यांच्याही गुरूंचे. तरीही इथे येणारा प्रत्येक शिष्य...

नकळत त्याचा हात स्वतःच्या अखंड कानाकडे गेला.

दुसऱ्याच क्षणी तो खदखदून हसला, गोठ्याकडे धावला आणि बांड्याला दावे सोडून अंगणात घेऊन आला. बांड्या डुरकला. समोरच्या कड्याने त्याला साद दिली.

"हाच वळू, महाराज!" तुळाजी ओरडला. "कान बिबट्याचा आहे. पाय आईचे आहेत!"

धुंडीनाथांनी बांड्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. मग ते तुळाजीकडे वळले.

"आता तुझा पुढे कर."